आत्याच्या गाडीचं पासिंग

परवा फोनवर धाकट्यानं विचारलं, "आजी, आजोबांनी खरंच घरी मोटार बनवली होती?" हो, बनवली होती. आमच्या अमरावतीच्या घराच्या मागच्या अंगणात, आंब्याखाली. कशी बनवली ते आजोबाच नीट सांगतील. मी तिच्या पासिंगचं सांगते. निरीक्षक गाडी तपासतो आणि रस्त्यावर चालवायला योग्य आहे असं लिहून देतो, त्याला आमच्याकडे पासिंग म्हणतात. ते होईपर्यंत माझ्या घशाखाली धड घास उतरला नव्हता.

तुमच्या आत्याचा उजवा पाय लहानपणच्या पोलिओनं बारीक राहिला, हे तुम्हाला माहीत आहे. तिला चांदूर बाजारच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची नोकरी लागली आणि ती एसटीनं जाऊ-येऊ लागली. एसटीची पहिली पायरी चांगली उंच असते. पायाला पट्ट्यांचा लोखंडी आधार बांधलेला, एका हातात काठी, दुसऱ्या हातानं दांडा धरायचा आणि मागून गर्दीचा रेटा. एका सोमवारी ती चढताना खाली पडली आणि मनगट मोडून घरी आली. प्लास्टर निघालं त्या दिवशी तिनं सांगितलं, "आई, एसटीनं मी आता जाणार नाही." तिथंच खोली घेऊन राहा असं मी सुचवलं. जी खोली मिळत होती ती माडीवर होती आणि नळ खाली.

प्राचार्य भले होते. पोळ्यानंतर पंधरा दिवस जागा धरून ठेवतो म्हणाले, त्यापुढे नाही. त्यांचंही चुकत नव्हतं. ती कापसाची वाईट वर्षं होती. शेतात राम उरला नाही म्हणून शिकलेली मुलं गावोगावहून येऊन प्रत्येक जागेसाठी उभी असायची. आत्याची जागा गेली असती तर दुसरी मिळाली नसती, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

तुमचे आजोबा तेव्हा पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमधून नुकतेच निवृत्त झाले होते. दक्षिणेकडचा एक लहानसा कारखाना गाडीचा सांगाडा आणि फायबरची बॉडी सुटी करून विकत असे. इंजिन, चाकं, ब्रेक हे सगळं जुन्या गाडीचं काढून आपलं आपण बसवायचं. तशी एक जुनी गाडी आजोबांना अकोल्यात जठारपेठेतल्या एका कुटुंबाकडे मिळाली. तिची नोंदणी अकोल्याची, म्हणून नव्या रूपात पासिंगही अकोल्यालाच. सांगाड्याची खोकी रेल्वेनं बडनेऱ्याला उतरली आणि आमचं अंगण भरून गेलं. माहितीपुस्तक इंग्रजीत होतं. आजोबांना इंग्रजी येत होतं, पण हात सदा काळे, म्हणून मी स्टुलावर बसून वाचून दाखवायची. नटबोल्ट मी लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत आकाराप्रमाणे लावून ठेवले होते. आजोबा ते हमखास चुकीच्या बरणीत टाकत. संध्याकाळी मी पुन्हा लावत असे. आत्याच्या उजव्या पायाचं काम हातानं व्हावं म्हणून त्यांनी स्टिअरिंगजवळ एक दांडी बसवली. पुढे ढकलली की ब्रेक, मागे ओढली की वेग.

पोळ्याच्या तीन-चार दिवस आधी मोठे आजोबा आले. आजोबांचे हे थोरले भाऊ मूर्तिजापूरकडच्या गावी शेती करत. त्या वर्षी त्यांनी बैलजोडी विकली होती. दारात पिशवी ठेवून मला म्हणाले, "बाई, बैलाबिगर पोळा घरी कसा काढू? आलो इकडं." मी पाणी दिलं.

मग ते अंगणात खाट टाकून बसले आणि दिवसभर टोमणे.

"लहान्या, हे काय बनवून राहिला? गाडी हाय का दवाखान्यातली खाट?"

"खाट असती तर आधी तुमालेच निजवलं असतं, दादा. पाना द्या तो."

"मले नको सांगू. हे तुझं प्लास्टिक मोडलं त माया नावानं खडे फोडशीन."

पण आत्या गाडीत बसून दांडी पुढे-मागे करू लागली की ते उठून जवळ जात आणि विचारत, "पोरी, हाताले जड तं नाई ना?"

पोळ्याच्या आदल्या दिवशी आजोबांनी पुढची चाकं काढून ब्रेक उघडले. चाकाच्या आत लोखंडी ड्रम असतो आणि त्यात कमानीसारखे दोन शू. ब्रेक दाबला की शू ड्रमला आतून घासतात आणि चाक थांबतं. आजोबांनी सगळे शू नवे बसवले. मी पुस्तकातलं वाक्य वाचलं आणि सवयीनं मराठीतही सांगितलं: शूला तेल किंवा ग्रीस अजिबात लागू देऊ नये. डाव्या चाकाचा ड्रम चढवून झाला, आणि ब्रेकचं तेल कमी पडतंय म्हणून आजोबा आत्याला घेऊन बाजारात गेले. मी पुरणाची डाळ निवडत बसले होते. मोठे आजोबा स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि वाटीभर तूप अन् चिमूटभर हळद मागून घेऊन गेले. मी दिलं. देवघरात मातीची बैलजोडी मांडलेली होती, तिच्यासाठी असेल असं मला वाटलं. आजोबा परतले तेव्हा अंधारलं होतं; उजवा ड्रम त्यांनी चाचपतच चढवला.

पोळ्याच्या दिवशी सकाळी गाडी सगळी जोडून झाली. गल्लीत दोन फेऱ्या मारून पाहिल्या. दुसऱ्या फेरीत आत्यानं ब्रेक लावला तेव्हा गाडी थोडी डावीकडे ओढली गेली. फार नाही. नालीच्या काठाकडे हातभर.

"बाबा, ओढते आहे."

"नवे शू आहेत. बसायला वेळ लागतो," आजोबा म्हणाले. मग खाली वाकून बाहेरूनच उजवीकडचा ब्रेक थोडा आवळला. पुन्हा फेरी, पुन्हा तेच, जरा कमी. ते पुन्हा वाकले. मी म्हटलं, उघडून पाहा की एकदा. ते म्हणाले, कालच तर सगळं उघडं होतं, नवंकोरं आहे, काय पाहायचं त्यात? तेही खरंच होतं. पण आजोबा आवाज चढवून बोलले की त्यांना स्वतःलाच खात्री नसते, हे मला लग्नापासून माहीत आहे.

दुपारी पुरणपोळी झाली. आत्यानं अर्धी पोळी ताटाच्या कडेला सारली. मोठे आजोबा तिला म्हणाले, "जेव पोरी. कायजी नको करू. मी तिले आवतन देल्लं हाय." पोळ्याच्या आदल्या दिवशी शेतकरी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप लावून शेकतात आणि त्यांना 'आज आवतन घ्या, उद्या जेवायले या' असं म्हणतात. ते थट्टा करताहेत असं समजून आम्ही हसलो.

दुसऱ्या दिवशी ट्रकवर गाडी चढवून अकोल्याला निघालो. जुना नंबर नव्या सांगाड्याला चालत नव्हता आणि नवा पासिंगनंतर मिळणार, तेव्हा चालवत नेण्याचा प्रश्न नव्हता. आजोबा ट्रकमध्ये, आम्ही तिघं मागून एका जीपमध्ये. बडनेऱ्याला फाटकाशी थांबलो तेव्हा मी दोर मोजले, बोरगावला चहाला थांबलो तेव्हा पुन्हा मोजले. आत्या सारखी ओढणीला हात पुसत होती.

आरटीओच्या आवारात कुंपणाशी ट्रॅक्टरांची रांग उभी होती. हप्ते थकले म्हणून जप्त करून आणलेले. काहींच्या तोंडाला अजून पोळ्याचे झेंडूचे हार होते. मोठ्या आजोबांनी तिकडे एकदा पाहिलं आणि पाठ फिरवून उभे राहिले.

निरीक्षक पन्नाशीचे, चष्मेवाले, कमी बोलणारे. सांगाड्यावर कोरलेल्या नंबरावर कागद ठेवून त्यांनी वर पेन्सिल घासली आणि ठसा घेतला. दिवे, हॉर्न, वायपर, आरसे पाहिले. हाताची दांडी स्वतः दहादा पुढे-मागे केली. "कोणी बनवलं?" आजोबा म्हणाले, मी. त्यावर नुसतं "हं." मग आत्याला म्हणाले, "मॅडम, चला. मी सांगेन तेव्हा ब्रेक. गाडी त्या पांढऱ्या रेघेवर सरळ थांबली पाहिजे."

ते तिच्या शेजारी बसले. गाडी आवाराच्या टोकापर्यंत गेली, वळली आणि वेगानं आमच्याकडे यायला लागली. वळणावर, परत येताना, तिनं दोनदा ब्रेक चाचपलेला मी पाहिला. मग निरीक्षकांचा हात वर झाला. आत्यानं दांडी ढकलली आणि गाडी रेघ सोडून सरळ डावीकडे ट्रॅक्टरांकडे गेली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा गाडी एका ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकापासून वीतभर अंतरावर उभी होती, आणि निरीक्षक चष्मा शोधत होते.

आम्ही धावत गेलो. आत्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण लागलं कोणालाच नव्हतं. उजव्या चाकातून बारीक धूर निघत होता. आणि वास. तो वास मी पन्नास वर्षं स्वयंपाकघरात घेतला आहे.

"हे तूप जळतंय," मी म्हटलं.

"तूप?" आजोबा ओरडले. "गाडीत तूप कुठून येईन?"

मोठे आजोबा टोपी काढून उभे होते. "खांद शेकले मी तिचे."

"कोणाचे?"

"गाडीचे. तू बजारात गेल्ता तवा. बैलाचं वझं खांद्यावर असते, गाडीचं चाकावर. म्हून चाकाले लावलं. आतल्या कमानीले बी. मस्त चोयलं पळसाच्या पानानं."

"दादा! हिनं तुमच्यासमोर वाचलं ना, तेल लागू द्याचं नाई म्हून!"

"तेल कुठं लावलं मी? घरचं तूप होतं."

"अन् एकाच चाकाले काहून लावलं?"

"दुसरं तू झाकून ठेवलं होतं."

आत्या आधी हसली. स्टिअरिंगवर कपाळ टेकून ती हसत होती आणि ते हसणं मला ऐकवेना, कारण त्यात रडणंही होतं. निरीक्षक मात्र हसले नाहीत. "ब्रेक नापास," ते म्हणाले. "ऑफिस उठायच्या आत दुरुस्त करून आणा, मी पुन्हा पाहतो. नाहीतर पुढच्या महिन्यात." पुढचा महिना म्हणजे जागा गेली. ते त्यांना माहीत नव्हतं आणि आम्ही सांगितलंही नाही.

फाटकाबाहेर लिंबाखाली गाडी ढकलत नेली. आजोबांनी चाक काढलं. दोन्ही शू पिवळट, तुकतुकीत. त्यांनी ते पेट्रोलनं धुतले, पेटवून आतलं तूप जाळून काढलं, पॉलिशपेपरनं घासले, ड्रम धुतला, पुन्हा शू धुतले. मोठे आजोबा शेजारी मातीत बसून, बैलाचा खूर मांडीवर घ्यावा तसा शू मांडीवर घेऊन घासत होते. मध्येच म्हणाले, "पोरीची नोकरी गेली त मी तुया दारात पाय नाई ठेवनार." आजोबांनी वर न पाहता म्हटलं, "घासा दादा. बोलू नका." दोन्ही बाजूंचे शू आता सारखे धरतील की नाही याची त्यांना खात्री नव्हती. मी विचारलं नाही, पण त्यांच्या मानेवरून कळत होतं. रस्त्यावर तीन-चारदा चालवून, थांबवून पाहायची सोय नव्हती. नंबर नसलेली गाडी, दारात पोलीस.

आवारात परत नेली तेव्हा ऑफिसची माणसं डबे घेऊन निघायला लागली होती. निरीक्षक आले, गाडीजवळ उभे राहिले, पण दार उघडेनात. "मी इथूनच पाहतो," म्हणाले.

आत्यानं काच खाली केली. "साहेब, मला रोज बसायचं आहे हिच्यात. तुम्ही एकदा बसा."

निरीक्षकांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि ते बसले.

गाडी टोकाला गेली, वळली, आली. या वेळी मी डोळे मिटले नाहीत. हात वर झाला. चाकं करकरली, गाडीचं नाक खाली वाकलं आणि ती थांबली. रेघेच्या जरा पुढे, पण सरळ. निरीक्षक खाली उतरून चाकापाशी वाकले, हुंगले, आणि मागे न वळताच म्हणाले, "आणखी एकदा." आणखी एकदा झालं. त्यानंतर एकदा. मग बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी सही केली.

आजोबा आणि मोठे आजोबा सहीचा कागद घेऊन ऑफिसच्या खिडकीकडे धावले. एकमेकांशी बोलत नव्हते, पण धावत होते बरोबर. आत्या उतरली नाही. मी गाडीच्या खिडकीशी गेले तर तिचा हात दांडीवरच होता, बोटं पांढरी. मी आत हात घालून एकेक बोट सोडवलं. घामानं ओलंचिंब होतं सगळं.

"झालं गं बाई," मी म्हटलं. "आता नंबर आला की चांदूर बाजारला जाऊ. सुरुवातीला मी बसेन तुझ्या शेजारी."

"नाही आई. मी एकटी जाणार."

"पहिला दिवस तरी."

"नाही."

"निदान गावाबाहेर पडेपर्यंत?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या हातातून आपली बोटं सोडवून घेऊन काच वर केली.