फुईने उघडलेला कॅमेरा

माझ्या नवऱ्याच्या आत्येने उघडून पाहिली नाही अशी सुरतेत एकच वस्तू असेल, ती म्हणजे तापीवरचा लोखंडी पूल. आणि तोही वाचला तो केवळ त्याचे नट तिच्याजवळच्या पान्यापेक्षा मोठे होते म्हणून. घरात तिला सगळे फुई म्हणत. खानदेशात आत्येला फुई म्हणतात आणि गुजरातीतही जवळजवळ तेच, त्यामुळे उधन्याच्या आमच्या सोसायटीत ती सगळ्यांचीच फुई झाली होती. ऐन तारुण्यात नवरा गेलेला, मूलबाळ नाही, लूमच्या कारखान्यात सुताच्या बॉबिन भरण्यात जन्म गेलेला. माझ्या बाळंतपणासाठी म्हणून ती आमच्याकडे आली आणि मग राहिलीच. येताना तिच्याबरोबर लुगड्यांचं एक गाठोडं आणि एक पत्र्याचा डबा होता. डिंकाचे लाडू असतील अशा समजुतीने मी झाकण काढलं, तर आत पक्कड, पाने, घड्याळजीचे बारीक स्क्रूड्रायव्हर आणि शिलाई मशीनच्या तेलाची बाटली.

तिला दुरुस्तीची हौस होती असं म्हणणं तितकंसं बरोबर नाही. दुरुस्ती हे निमित्त असे. खरी हौस आत डोकावण्याची. "मझार काय शे ते देखू दे," म्हणजे आत काय आहे ते बघू दे, हे तिचं अहिराणीतलं ठरलेलं वाक्य. मी नाशिकची, मला अहिराणी येत नव्हती. पण हे वाक्य पहिल्याच आठवड्यात पाठ झालं, कारण त्यानंतर घरातली एखादी चालू वस्तू बंद पडायची. खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर एकदा चहाला आले होते. त्यांनी कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि चष्मा पुसून वर बघतात तो यंत्र फुईच्या मांडीवर उघडं पडलेलं. स्वतःचंच बोलणं ऐकू येईना म्हणून मास्तर ओरडून बोलत होते, फुई त्यांना खुणेने "थांबा, थांबा" करत होती, आणि जिन्यात शेजारी जमले होते. बारडोलीला एका लग्नाला गेलो तेव्हा अक्षता टाकायच्या वेळी फुई गायब. शोधाशोध केली तर ती साखर कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्याला विचारत उभी होती की रस इतका काळा असतो तर साखर पांढरी कशी होते. पहारेकऱ्याला ते माहीत नव्हतं. त्याने आतून कोणालातरी बोलावून घेतलं होतं, आणि आम्ही पोचलो तेव्हा त्यालाही ते नीट सांगता येत नव्हतं.

आमची चिमी तीन महिन्यांची असताना हे मस्कतला गेले. हजीऱ्याला कंत्राटावर फिटरचं काम करत होते, तिथल्याच एकाच्या ओळखीने तिकडची नोकरी मिळाली. मुलीला सोडून जाताना यांचा पाय निघत नव्हता. म्हणून पहिल्या पगारातून त्यांनी एक व्हिडिओ कॅमेरा घेतला आणि सुट्टीवर येणाऱ्या माणसाबरोबर पाठवून दिला. लहान कॅसेटचा, हातात मावणारा. यांच्या खोलीत राहणाऱ्या एका केरळच्या माणसाकडे तसाच कॅमेरा होता. आम्ही इथे चिमीचं शूटिंग करायचं, कोणी तिकडे जाणारं मिळालं की कॅसेट द्यायची, आणि यांनी ती त्याच्या कॅमेऱ्यात घालून टीव्हीवर बघायची, अशी योजना होती.

चिमीला घेऊन मी समोर बसायची, म्हणून कॅमेरा फुईच्या हातात आला. आधी तिने तो घाबरत धरला, मग तिला त्याचा नाद लागला. चिमी पालथी पडायला शिकत असे आणि फुईचा कॅमेरा हळूहळू वर सरकत छताच्या पंख्यावर जाऊन थांबत असे, कारण पंख्याची पाती फिरताना उलटी फिरल्यासारखी का दिसतात हे तिला कळत नव्हतं. रविवारी शेजारच्यांच्या फोनवर यांचा फोन यायचा. "चिमी छान दिसते, पण पंखा जरा कमी करायला सांग फुईला," हे म्हणायचे. फुई फोन माझ्या हातातून घेऊन विचारायची, "भाऊ, तुमच्याकडचा पंखाबी उलटा दिसस का रे?"

पण तिला खरं सतावत होतं ते वेगळंच. एकदा तिने कॅसेटचं झाकण बोटाने उचलून आतली तपकिरी पट्टी खिडकीच्या उजेडात धरली. पट्टी कोरी होती. "याच्यात चिमी कोठे शे?" तिने मला विचारलं. मी जमेल तसं समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तुलेबी माहीत नही."

चिमी चालायला लागली तो दिवस फुईने सगळाच्या सगळा टिपला. त्या दिवशी पंखासुद्धा विसरली. "ये, ये, ये माय," म्हणत ती मागे मागे सरकत होती आणि चिमी दोन्ही हात वर करून तिच्याकडे येत होती. संध्याकाळी कॅसेट काढायला गेलो तर कॅमेऱ्यातून नुसता घरघर आवाज आला आणि झाकण अर्धं उघडून अडकलं. भागळ बाजारातल्या कॅमेऱ्याच्या दुकानदाराने बटणं दाबून पाहिली आणि सांगितलं, मुंबईला पाठवावा लागेल, महिना तरी लागेल, कॅसेटची खात्री नाही.

दुसऱ्या दिवशी चिमीला डोस द्यायला मी दवाखान्यात गेले. परत आले तर पुढच्या खोलीत वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर कॅमेऱ्याचे असंख्य तुकडे आणि मध्ये फुई, एखाद्या लग्नाचा रुखवत मांडून बसल्यासारखी.

"वरडू नको," मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली. "कॅसेट निंघनी."

कॅसेट खरंच निघाली होती. पट्टी चुरगळली होती, पण तुटली नव्हती. फुईने आयुष्यभर सूत गुंडाळलेल्या बोटांनी ती हलकेच सरळ करून परत भरली होती. कॅमेऱ्याचं मात्र काही खरं नव्हतं. आतलं सगळं कोरडं वाटलं म्हणून तिने त्याला सढळ हाताने तेल घातलं होतं. मग तिने तो जोडला. जोडून झाल्यावर वाटीभर स्क्रू आणि एक स्प्रिंग उरली. "ह्या जास्तीच्या व्हत्या," असं ती म्हणाली खरी, पण बटण दाबल्यावर जळका वास आला.

मी रडले. यांनी परदेशात पोटाला चिमटा घेऊन घेतलेली वस्तू, आणि त्याहून मोठं म्हणजे बाप आणि मुलगी यांच्यातला तो एकच धागा. फुईने माझी समजूत घातली नाही. त्या दिवशी ती जेवली नाही, आणि सकाळी लुगडं बदलून दाराशी उभी राहिली. "चाल," म्हणाली. "तस्साच दुसरा आणू."

तस्साच मिळणं सोपं नव्हतं. दुकानात होते ते मोठ्या कॅसेटचे, आणि मोठी कॅसेट मस्कतच्या त्या खोलीत चालली नसती. शेवटी लिंबायतमधला लग्नाचं शूटिंग करणारा एक गुजराती तरुण भेटला. त्याने नवा मोठा कॅमेरा घेतला होता आणि आमच्यासारखाच लहान, जुना, त्याला विकायचा होता. मी भावाची बोलणी सुरू करणार तोच फुई म्हणाली, "उघडून दाखव."

"मासी, खोलीश तो बगडी जशे!" तो घाबरून म्हणाला. उघडला तर बिघडेल.

"ते माले माहीत शे," फुई शांतपणे म्हणाली. "साडी घेतानाबी उलटी करून देखतस. हाई तर यंत्र."

शेवटी त्याने झाकणापुरता कॅमेरा उघडून दाखवला आणि फुईने वाकून, हात मागे बांधून, तो पाहिला. त्याआधी कधी हात मागे बांधून तिने काही पाहिल्याचं मला आठवत नाही. पैसे तिने स्वतःच्या साठवणीतले दिले. माझं काही चालू दिलं नाही.

घरी येऊन आम्ही आधी ती सोडवलेली कॅसेट लावली. पडद्यावर पांढऱ्या पट्ट्या नाचत होत्या. चित्राचा खालचा भाग गेलाच होता. पट्ट्यांच्या वर चिमीचं डोकं तेवढं हेलकावे खात जवळ येत होतं, आणि "ये, ये, ये माय" हा आवाज मात्र स्वच्छ होता. पाय दिसत नव्हते. फुईने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "चालताना डोकं किती हालस, नही?"

मी सुचवलं की यांना काही सांगू नये. कॅमेरा तसाच दिसतो, कळणार नाही. फुईने विचार केला. "नको सांगू," ती म्हणाली, "पन मग मझार काय व्हतं ते मी त्याले कसं सांगू?"

म्हणून नव्या कॅमेऱ्यातलं पहिलं शूटिंग मी केलं, आणि त्यात पाटावर बसलेली फुई होती. समोर वर्तमानपत्रावर जुन्या कॅमेऱ्याचे तुकडे. "भाऊ, मी तुना कॅमेरा मोडा," असं सरळ कॅमेऱ्याकडे बघून तिने सांगितलं आणि लगेच एकेक तुकडा उचलून दाखवायला लागली. हा गोल दांडा फिरतो, त्याच्यावर पट्टी चढते, हे दातेरी चाक पट्टी ओढतं; हे काय आहे ते मला कळलं नाही, तिकडे कोणाला माहीत असेल तर विचार. मागून चिमी चालत आली, पायांसकट, आणि वाटीतले स्क्रू घेऊन गेली. फुईच्या ते लक्षातही आलं नाही.

दोन्ही कॅसेट गेल्या. रविवारी फोन आला तेव्हा हे रागावणार असं मी धरूनच चालले होते. पण हे हसत होते. खोलीतल्या सगळ्यांनी फुईची कॅसेट पाहिली होती, शेजारच्या खोलीतल्यांनाही बोलावलं होतं. भाषा कोणाला कळत नव्हती, तरी केरळच्या त्या माणसाने ती पुन्हा लावायला सांगितली. त्याची आई अशीच पाटावर बसून मासे साफ करते, म्हणे.

फुईला मी हे सांगितलं तर तिने विचारलं, "कोनते मासे?" पुढच्या रविवारी तिने फोन घेऊन त्या माणसाबद्दलच सगळं विचारलं: त्याची आई कुठे असते, घर नदीजवळ आहे की समुद्राजवळ, तो घरी कधी जाणार. यांना त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. वर्षभर शेजारच्या खाटेवर झोपत होते, पण विचारायचं राहूनच गेलं होतं. मग त्यांनी विचारून घेतलं, एकेक करून खोलीतल्या सगळ्यांना.

हे परत आले, आणि त्यानंतर काही वर्षांनी, झोपेतच, फुई गेली. त्यालाही आता बराच काळ लोटला. परवा केरळहून यांना फोन आला. इतक्या वर्षांनी नंबर कुठून मिळवला कोण जाणे. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्या माणसाने हिंदीत विचारलं, "और फुई? आजकल क्या खोल रही है?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. खरं सांगतील असं मला वाटलं होतं. पण हे फोन कानाशी धरून म्हणाले, "रेडिओ." पलीकडून तो हसला, आणि कुठला रेडिओ, किती जुना, असं विचारू लागला, आणि हे त्याला सगळं सविस्तर सांगत बसले.