मिल थांबली की

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे मुलीच्या ब्लाउजवरच्या मोराची मान मोडल्यासारखी आली, तेव्हा मी ब्लाउज पिशवीत कोंबला आणि तरातरा निघाले. लग्न तोंडावर आलेलं, आणि शेजारणीला काम देताना मी दहादा बजावलं होतं.

ही शेजारीण आमच्या राईस मिलच्या मागच्या घरात राहते. कॉम्प्युटरवर चालणारं भरतकामाचं मशीन तिनं हौसेनं आणलं आणि आता तिचं घर त्याच्यावरच चालतं. घर लहान असलं तरी तिचं काम गोंदियातल्या दुकानांपर्यंत जातं.

आमची मिल गोरेगावच्या रस्त्याला. आसपासचे शेतकरी घरी खायचं धान आमच्याकडे भरडतात. सासऱ्यांनी घालून दिलेला नियम असा, की एकाचा तांदूळ दुसऱ्याच्यात जाता कामा नये. एकाचं धान संपलं की मोटर बंद करायची, यंत्र झाडून घ्यायचं, मग दुसऱ्याचं ओतायचं. बाजाराच्या दिवशी मोटर दिवसभर बंद-चालू, बंद-चालू होत राहते. ज्याच्या धानाच्या बांधीतला दाणा त्याच्याच ताटात, असं लोक आमचं कौतुक करतात आणि ते ऐकून मला मूठभर मांस चढतं.

काळा दाणा वेचून टाकणारं नवं मशीन आम्ही घेतलं, ते मात्र भारी नाजूक. व्होल्टेज जरा हललं की चांगला तांदूळही कोंड्यासारखा बाहेर फेकतं. ह्यांनी त्याला मोठा स्टॅबिलायझर बसवला. इथली लाइनच खराब, असं मी येईल त्याला सांगायची आणि वीजवाल्यांच्या नावानं बोटं मोडायची.

शेजारणीनं मला खुर्ची दिली. मशीन चालू होतं, सुई खाडखाड खालीवर होत होती. मी पिशवीत हात घातला, तोंड उघडणार, तेवढ्यात आमच्या मिलचा आवाज थांबला. तिनं माझ्याकडे न पाहता बटण दाबून सुई थांबवली. आत मिक्सर चालला होता, तोही तिच्या सासूनं बंद केला. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. सगळं घर गप्प बसून राहिलं.

"काऊन, काय झालं?" मी विचारलं.

"थांबा काकू. मिल सुरू होऊन राहिली ना आता."

मोटर सुरू झाली. डोक्यावरचा बल्ब पिवळा पडला, पंखा मंदावला, मग पुन्हा नीट झालं. तिनं बटण दाबलं आणि सुई निघाली. झटक्यात मशीन बंद पडलं तर कपडा जागचा सरकतो आणि पुढचं भरतकाम भलतीकडेच पडतं, हे तिनंच सांगितलं. आवाजात तक्रार नव्हती. पाऊस आला की वाळवण आत घ्यायचं असतं, तसं सांगितलं.

"एखाद्या दिवशी ध्यान नाही रायत," ती म्हणाली. "तुम्ही कायले आल्या होत्या?"

पिशवीत माझ्या मुठीत तो मोर होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहज आले, म्हटलं आणि चहा न घेता उठले.

घरी ह्यांना विचारलं, तेव्हा कळलं की मोटर हळूहळू उचलणारा स्टार्टर कधीचाच जळाला होता आणि मोटर सरळ लाइनवर जोडलेली होती. वीज येते ती रस्त्यावरची डीपी आमची आणि तिची एकच. एकदम सुरू होताना आमची मोटर सगळी वीज ओढून घ्यायची. आपल्या मशीनला तर स्टॅबिलायझर आहे, असं हे म्हणाले. त्यांच्यावर तरी मी कोणत्या तोंडानं ओरडणार होते? खराब लाइन, खराब लाइन म्हणून गावभर बोंबलत होते, ती लाइन आम्हीच खराब करत होतो. त्याच आठवड्यात स्टार्टर बसवून घेतला. लग्नात मुलीनं पदर मोरावर घेतला.

आता बल्ब हलत नाही. मी स्वतः जाऊन शेजारणीला सांगून आले, की आता थांबायची गरज नाही. बरं झालं काकू, म्हणाली. मग परवा तिच्याकडे बसले होते, बोलता बोलता आमची मिल थांबली. तिचा हात आपोआप बटणावर गेला, आत मिक्सर बंद झाला आणि ते सगळं घर पुन्हा आमची वाट पाहत गप्प बसलं.