ती एकटी भिवंडीला गेली

मुलगी चौथीत असताना आम्ही तिला शाळेतून काढलं. रोज सकाळी तिच्या पोटात दुखायचं, दप्तर दिसलं की उमासे यायचे. डॉक्टर म्हणाले, पोटाला काही झालेलं नाही. मग नवऱ्याने आणि मी ठरवलं, तिला हवं ते, हवं तेव्हा शिकू द्यायचं. ठरवताना मोठं धीट वाटलं. पण संध्याकाळी भिवंडीजवळच्या अंजूर गावातल्या आमच्या घरात शिकवणीची पोरं माझ्यापुढे पाढे म्हणायची आणि माझी स्वतःची मुलगी ओटीवर मांजर कुरवाळत बसायची, तेव्हा पोरांच्या पाढ्यांवरून माझं लक्ष उडायचं.

सासूबाई म्हणाल्या, "पोरीला काय कलतं? उद्या तिला कोन इचारनार हाय?"

कित्येक महिने मुलीने पुस्तक उघडलं नव्हतं.

मग एकदा भिवंडीच्या बाजारातून येताना तिने दुकानांवरच्या उर्दू पाट्यांकडे बोट दाखवलं. हे उजवीकडून वाचतात का, म्हणाली. मला शिकायचंय. नवऱ्याच्या ओळखीच्या एक निवृत्त शिक्षिका बाजारामागे राहतात. त्या तयार झाल्या. मुलगी त्यांना आपा म्हणायला लागली. मी सोबत जायचे आणि ती मान खाली घालून अक्षरं गिरवताना बघत बसायचे. हिचं गणित राहिलंय, हेच डोक्यात.

पावसाळा सरल्यावर ती म्हणाली, आता मी एकटी जाणार. मी नाही म्हटलं. नवरा म्हणाला, "तिच्यावर सोपवायचं ठरवलंय ना आपण?" मी तिच्या हातात रिक्षाचे पैसे ठेवले.

त्या दिवशी ती परतायची वेळ टळून गेली. आपांना फोन केला. "वो तो कब की निकल गई," त्या म्हणाल्या. नवरा मोटरसायकल घेऊन निघाला, मी रिक्षाने. गोदामांच्या रस्त्यावर कंटेनर एकामागे एक उभे होते. दोन कंटेनरमधल्या प्रत्येक फटीत मी वाकून बघत होते. तिच्या वयाची मुलगी दिसली की रिक्षा थांबवायला लावायचे. काय काय मनात आलं ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

नवऱ्याचा फोन आला. ती चुकून वळ गावाकडे जाणाऱ्या शेअर रिक्षात बसली होती. अनोळखी गोदामं दिसल्यावर घाबरून उतरली आणि एका चहाच्या टपरीवर रडत उभी राहिली. टपरीवाल्या बाईने तिला बसवून घेतलं, तिच्याकडून बापाचा नंबर घेऊन फोन लावला. मी पोचले तेव्हा तिची सलवार ओली झाली होती. तिने माझा हात घट्ट धरला, तो घरी येईपर्यंत सोडला नाही.

घरी आल्यावर मी ओरडले की आता सगळं बंद, सोमवारपासून शाळा.

सोमवारी मी युनिफॉर्म काढायला कपाट उघडलं, तेव्हा ती मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "शाळेत घालायचं तर घाल. पण आपांकडे जाणं बंद करू नको. एकटी नको, तू चल."

मी कपाट लावलं. तेव्हापासून पुन्हा दोघी जातो. आता ती पाट्या अडखळत वाचते. भागाकार अजून येत नाही. जूनमध्ये शाळेत जायचं की नाही, हे तिला विचारायचं राहिलंय. ती हो म्हणेल याचीही मला भीती वाटते आणि नाही म्हणेल याचीही.