गुडघ्यापर्यंत लोंबणारी फुलं

लग्न तोंडावर आलं होतं आणि माझी मुलगी फुलांच्या गुच्छात अडकली होती. ऑफिसातून आली की रोज मोबाइल माझ्यापुढे धरायची. वाळलेल्या गवताचे गुच्छ म्हणे आता जुने झाले. परदेशी गुलाबही नकोत, फुलं इथलीच हवीत. कुणी तीनच लिली धरतं, कुणी पाकळ्या दुमडलेली कमळं. हिला कमळं हवी होती आणि त्यांतून गुडघ्यापर्यंत लोंबणाऱ्या निशिगंधाच्या माळा. मी म्हटलं, अगं, गुच्छ ना आपल्या लग्नात असतो ना बंगाल्यांच्या. नवरीला हार घालायचा असतो, तिचे हात मोकळे नकोत का? तिने ऐकून घेतलं आणि पुढचा फोटो दाखवला.

माझं डोकं फुलांमुळे फिरलं नव्हतं. लग्न बंगाली पद्धतीने व्हायचं ठरलं होतं, आणि होणाऱ्या जावयाची आत्या आमच्या कोलकात्यातल्या, बेहालाच्या घरी चहा पिता पिता मला म्हणाली होती, "दीदी, हमारे में मां शादी नहीं देखता है. बेटी का अमंगल होता है. आप ऊपर कमरे में बैठिएगा." बोलणं अगदी गोड. पोटची एकुलती एक मुलगी, आणि तिचं लग्न मी सोडून सगळं गाव बघणार.

आमचे हे बँकेतले. बदलीवर इथे आले आणि इथलेच झाले. "तासाभराचा तर प्रश्न आहे, कशाला वाद," ते म्हणाले.

"मग तो तासभर तुम्ही बसा वर," मी म्हटलं. कन्यादान त्यांच्या हातून व्हायचं होतं, त्यांना बोलायला काय जातंय.

मुलीचं मला जास्त लागलं. "आई, तू राग नको करू ना. त्यांच्यात असंच असतं," एवढंच ती म्हणाली. तिचं मराठी इथे वाढलेलं. एरवी मी दुरुस्त करते, त्या दिवशी केलं नाही. रिबिनीचा रंग बनारसीच्या काठाशी जुळत नाही म्हणून जी एस्प्लनेडच्या फुलवाल्याशी जाऊन भांडली, ती आईसाठी आत्याबाईंपुढे एक शब्द काढेना. मग मीही मनाशी ठरवून टाकलं. हार घालायच्या वेळी सरळ खाली जाऊन उभी राहीन. भर मांडवात तमाशा झाला तर होऊ दे. कुणाला सांगितलं नाही, पण माझा चेहरा काही लपवत नाही. घरातले सगळे माझ्याशी जपून बोलायला लागले.

लग्न संध्याकाळचं होतं, भाड्याच्या हॉलमध्ये. वरच्या खोलीत मुलगी नटून बसली होती आणि मी तिच्याशेजारी. खाली शंख वाजला आणि माझे भाचे पाट घेऊन वर आले. बंगाली नवरीला पाटावर बसवून भाऊ उचलून नेतात आणि ती दोन्ही हातांनी विड्याची पानं तोंडापुढे धरते. आत्या दारात उभी राहिली. "आप बैठिए, दीदी." मी उठलेच होते. काय बोलायचं ते अगदी ओठांवर आलं होतं.

तेवढ्यात पाटावर बसता बसता मुलीने तो भलामोठा गुच्छ माझ्या हातात दिला.

"आई, हे धर. खाली मला लागणार."

आत्याने गुच्छ घ्यायला हात पुढे केला. मुलगी तिला बंगालीत म्हणाली, "पिशी, ओटा मा धोरबे. आर केउ ना." आत्या, ते आईच धरेल, दुसरं कुणी नाही. आवाज जराही चढलेला नव्हता. आत्याचा हात तसाच राहिला. आईने काय बघू नये ते तिला पक्कं ठाऊक होतं, पण फुलं कुणी धरायची याचा नियम तिच्याकडे नव्हता.

मी पाटामागून जिना उतरले. गुच्छ चांगलाच जड होता आणि देठांचं पाणी माझ्या पैठणीवर ठिबकत होतं. मांडवाच्या कडेला उभी राहिले. आता कुणीतरी येऊन मला वर पाठवेल, असं सारखं वाटत होतं. भाच्यांनी पाट नवरदेवाभोवती फिरवला, तिने पानं बाजूला केली, हार घातले गेले. फोटोग्राफर गुच्छासाठी माझ्याकडे आला, मी तो पुढे केला. मुलीने मान हलवली.

"अजून नाही."

ह्यांनी तिचा हात जावयाच्या हातात दिला. फोटोग्राफर परत आला. "राहू दे," ती म्हणाली. भांगात सिंदूर भरला गेला तरी तिने गुच्छ मागितला नाही. मी तोंड फुलांत खुपसलं आणि सगळ्यांदेखत रडले.

लग्नाच्या एकाही फोटोत नवरीच्या हातात गुच्छ नाही. सगळ्यांत तो माझ्याकडे आहे.