तवाऊहून आणलेली फळं

माझ्या नवऱ्याला, मप्पिआसेला, एका जागी बसता येत नाही. जेवायला बसला की दोन घास खाऊन उठतो, कारण ओढ्याकडच्या रांगेतलं कुठलं तरी फळ बघायचं राहिलेलं असतं. परत येईपर्यंत कालवण निवतं आणि त्यातले सागूचे गोळे रबरासारखे होतात. मग तेच चावत बसतो आणि मला म्हणतो, आज नीट झालं नाही गं. पायाला भिंगरी असलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, पण ती कुठे तरी जातात तरी. हा आपल्याच दोनशे झाडांभोवती फिरतो. चुलत नात्यातलाच तो, लहानपणी एकाच ओढ्यात डुंबलो, त्यामुळे लग्नानंतरही आमचं अरेतुरेच राहिलं आणि भांडणंही लहानपणचीच राहिली.

बागेत शोधायला गेलं तर तो कोकोच्या झाडाखाली उताणा पडलेला सापडतो. डोळे आडव्या फांदीच्या पोटाकडे लावलेले. कोकोची फळं नासवणारा एक पतंग आहे, दिवसा तो तिथेच बसतो. तांदळाच्या दाण्याएवढा, तपकिरी, पंखांवर पांढऱ्या नागमोडी रेघा, आणि अंगाहून लांब मिशा पाठीवर टाकलेल्या. दुसऱ्या कुणाला ते सालीचं कुसळ वाटेल. मप्पिआसेला वाटत नाही. "आज अकरा," असं तो घरी येऊन सांगतो, जसे बाकीचे नवरे मासळीचा भाव सांगतात.

लोक म्हणायचे, एवढा जीव लावून बाग करणारा माणूस आमच्या अख्ख्या लुवू जिल्ह्यात मिळायचा नाही. मी मान डोलवायचे. जीव लावणं वगैरे काही नव्हतं ते, त्याला टोचणी होती, आणि त्या टोचणीवर पहारा ठेवायचं काम माझ्याकडे होतं.

एक्क्याण्णव साली तो तवाऊहून परतला. समुद्रापलीकडे मलेशियाच्या हद्दीत सहा वर्षं त्यानं कोकोच्या मळ्यात काढली. आमच्याकडचे सगळेच पुरुष जायचे, आणि येताना चादर, रेडिओ आणि कोकोची फळं आणायचे. आमच्या सालुबारू गावाच्या बागा अशा कुणाकुणाच्या पिशव्यांतूनच उभ्या राहिल्या. यानं लुंगीत गुंडाळून सहा फळं आणली, आमच्या फळांच्या दीडपट. पाच घरी ठेवली. सगळ्यांत मोठं पुआं हम्सिनाला दिलं.

पुआं ही आमच्यात मानाची हाक. हम्सिना म्हणजे त्याच्या आईची मावशी. तिनं त्याला कुराण वाचायला शिकवलं आणि शिकवताना छडीनं फोडलंही. तो तिकडे असताना ती दर महिन्याला माझ्याकडे सागू पाठवायची, मी न मागता. म्हणून मोठं फळ तिला. यानं दोन्ही हातांनी पुढे केलं, तिनं मांडीवर घेऊन हुंगलं आणि "केवढं रे हे" म्हणाली. त्या दिवशी मप्पिआसे मजेत होता. कॉफी पूर्ण प्याला, बसून.

चार वर्षांनी फळं बिघडायला लागली. पिकलेलं चांगलं फळ कानाशी हलवलं की आत बिया खुळखुळतात. आमची फळं मुकी झाली. अर्धी पिवळी, अर्धी हिरवी, आणि फोडली की बियांचा नुसता दगड. आम्ही बायका लाकडी दांडक्यानं ते गठ्ठे बडवायचो, हाताला घट्टे पडायचे आणि दहातल्या तीन बिया कामाच्या निघायच्या. आधी पुआंची बाग गेली, मग आमची, मग शेजारच्या हस्बीची. नंतर नदीपलीकडचीसुद्धा.

आमची मुलगी रोस्ना पंधरा वर्षांची होती तेव्हा शेतीखात्याचा एक हडकुळा माणूस मशिदीच्या ओट्यावर येऊन सगळं समजावून गेला. त्यानं पतंगाचं नाव सांगितलं, कोनोपोमोर्फा.

"एवढ्याशा किड्याला एवढं नाव?" हस्बी म्हणाला. "माझ्या आज्यालाही नव्हतं."

"हे घराण्याचं नाव आहे," तो माणूस शांतपणे म्हणाला. "यांच्यातला एक भाऊ लिचीच्या फळात शिरतो, दुसरा लिचीची पानं पोखरतो. तुमच्याकडे आलाय तो मूळचा रांबुतानच्या फळावरचा. पुढे त्याला कोकोची चटक लागली. फळावर अंडं घालतो, अळी आत शिरते, पोटभर खाते, बाहेर येते. पतंग झाल्यावर जेमतेम आठवडाभर जगतो."

"आठवड्यात समुद्र ओलांडतो?" हस्बीनं विचारलं.

"तो कशाला ओलांडेल? कुणीतरी तवाऊकडचं फळ पिशवीत घालून आणलं असणार."

हस्बी उठून उभा राहिला. त्यानं नुकतीच अर्धी झाडं तोडून मका लावला होता. "ज्यानं आणलं त्याचे हात झडोत," तो म्हणाला. ओट्यावरचे सगळे आमीन म्हणाले. मप्पिआसेही म्हणाला. मी बायकांच्या बाजूला बसले होते, तरी मला त्याचा आवाज वेगळा ऐकू आला.

दुपारी बिया वाळत घातलेल्या चटयांपाशी त्यानं मला सांगितलं. "मीच असणार."

"तूच कशावरून? बोटी भरभरून माणसं यायची. प्रत्येकाच्या बोचक्यात फळं होती."

"त्यातलं एक अर्धवट पिवळं होतं. बोटीवरच दिसलं होतं मला. म्हटलं, पिकत असेल."

"कुठलं?"

"मोठं."

मोठं म्हणजे पुआंला दिलेलं. मग राग आला, आणि राग आला की माझी जीभ चालते. "ऐक," मी म्हणाले. "हे तू मला सांगितलंस, इथेच संपलं. उद्या रोस्नाला मागणी येईल. गाव बुडवणाऱ्याची पोर म्हणून तिच्याकडे कुणी बघणार नाही. एक शब्द जरी बाहेर काढलास तर मी माहेरी जाईन."

"तुझं माहेर समोरच्याच घरात आहे, हालिजा."

"म्हणून तर म्हणते. सामान न्यायला सोपं."

तो हसला नाही. "मला सांगायचंय गं," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, झाडांना सांग.

त्यानंतर नऊ वर्षं तो असा फिरत राहिला. एकेका फळाला प्लास्टिकची पिशवी बांधायचा. टरफलं खड्डे खणून पुरायचा, आपली पुरून झाली की दुसऱ्यांची. लोक हसायचे, फुकटचा गडी मिळाला म्हणायचे. सभेत कुणी पतंगाचा विषय काढला की तो बोलायला तोंड उघडायचा, आणि मी खोकायचे. मी खोकले की तो खाली बघायचा. रोस्नाचं लग्न झालं, तिला मूल झालं, तरी माझं खोकणं चालूच. खरं सांगायचं तर मला त्याची सवय झाली होती.

मग गावानं ठरवलं की एका दिवसात सगळी फळं उतरवायची. लहान, मोठी, कच्ची, सगळी. उतरवून पुरायची. दीड महिना गावात एकही फळ नको, म्हणजे पतंगाला अंडं घालायला जागा उरणार नाही. पण एक बाग जरी सुटली तरी सगळ्यांची मेहनत पाण्यात. सगळे तयार झाले, हस्बीसुद्धा. पुआं हम्सिना तेवढी नाही म्हणाली.

"फवारा म्हणालात, फवारलं," ती गावप्रमुखाला म्हणाली. "पिशव्या बांधा म्हणालात, बांधल्या. आता कोवळी पोरं ओरबाडायला सांगताय. मी ऐंशीची आहे. आधी मला पुरा, मग फळं पुरा."

गावप्रमुखानं मप्पिआसेला पाठवलं, कारण ती त्याचंच ऐकेल असं सगळ्यांना वाटलं. मी मागोमाग गेले. खोकायला.

ती घराच्या पायरीवर विडा कुटत बसली होती. मप्पिआसे तिच्यासमोर उभा राहिला, या पायावरून त्या पायावर. फळांचं काही बोललाच नाही. "पुआं, तो पतंग मी आणला," म्हणाला. मी खोकले. त्यानं या वेळी खाली बघितलं नाही. "तुम्हाला दिलेल्या फळातून आला. मला तेव्हा कळलं नाही. नंतर कळलं तरी बोललो नाही."

पुआंनं कुटणं थांबवलं. "माहीत आहे मला," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"सांगायचंय कुणी? फळ मीच फोडलं. आत पांढरी अळी होती, बोटावर चढली. मी टिचकी मारून उडवली, टरफल अंगणात टाकलं आणि उरलेल्या बिया लावल्या."

"मग बोलला का नाहीत?" त्याचा आवाज चढला. पुआंपुढे त्याचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

"सहा वर्षांनी घरी आलास. दोन्ही हातांनी दिलंस. परतलेल्या माणसाच्या भेटीत खोट काढायची नसते, हे तुला मीच शिकवलं होतं. तुला सांगायचं, पोरा, तुझ्या फळात किडा आहे म्हणून?" तिनं विडा तोंडात टाकला. "पुढे बागा जायला लागल्या, तेव्हा फार उशीर झाला होता. आता तुझंच फळ त्या झाडांवर लागतंय, ते ओरबाडून खड्ड्यात टाकायचं माझ्यानं होईना."

मग ती म्हणाली, "उद्या माझ्या बागेपासून सुरू करा. गावाशी मी बोलेन. तू तोंड उघडायचं नाहीस."

परतताना मला हलकं वाटत होतं, हे मी लपवत नाही. आमचं ओझं ती म्हातारी उचलणार होती, आणि मी मनातल्या मनात तिचे आभार मानत होते. मप्पिआसे माझ्यापुढे चार पावलं झपाझप चालत होता.

सकाळी अख्खं गाव कोयते घेऊन तिच्या बागेशी जमलं. पुआं काठी टेकत पुढे आली. "किडा माझ्या अंगणातून पसरला," ती म्हणाली. "अळी मी बघितली होती आणि गप्प बसले. शिव्या द्यायच्या तर मला द्या."

ऐंशी वर्षांच्या पुआंला शिव्या कोण देणार? शेवटी हस्बीनं विचारलं, "फळ कुणी दिलं होतं?"

"आठवत नाही," पुआं म्हणाली.

जिला गावातल्या प्रत्येक पोराची जन्मवेळ तोंडपाठ, तिला आठवत नव्हतं. मी मप्पिआसेकडे बघितलं. त्यानं पाऊल पुढे टाकलं, तोंड उघडलं. आणि मला ते सहन झालं नाही, म्हातारीनं आमच्यासाठी खोटं बोलणंही नाही आणि त्यानं एकट्यानं पुढे होणंही नाही.

"आमच्या घरातून गेलं ते फळ," मीच बोलले. "यानं तवाऊहून आणलं. नऊ वर्षांपूर्वी तो सांगणार होता. मी सांगू दिलं नाही."

हस्बी मप्पिआसेच्या हातांकडे बघत राहिला. मग जमिनीवर थुंकला, कोयता उचलला आणि पहिल्या रांगेत शिरला. फळं त्यानं सगळ्यांच्या बरोबरीनं उतरवली, पण त्या दिवसापासून आमच्याशी बोलत नाही. बाकीचे हळूहळू कामाला लागले. दुपारपर्यंत पुआंची झाडं मोकळी झाली, संध्याकाळपर्यंत गावाची. रोस्नाच्या सासूनं मला पाणी दिलं, म्हणजे त्या बाजूची काळजी मिटली.

घरी आल्यावर मी मप्पिआसेला वाढलं. मला वाटलं, आता हा दोन शब्द बरे बोलेल. त्यानं ताटाला हात लावला नाही.

"ते तू का बोललीस?" त्यानं विचारलं.

"कुणीतरी बोलायला हवं होतं."

"मी बोलत होतो, हालिजा. नऊ वर्षं मी तेवढं एकच वाक्य पाठ करत होतो." त्यानं ताट सरकवलं. "आधी तू बोलू दिलं नाहीस. आणि आज तेही तूच बोललीस."

तो उठून बागेकडे गेला. तिथे बघायला एकही फळ नव्हतं.