उभ्यानं केलेले फोन

खामगावात कापसाच्या एका जिनिंग मिलच्या वरच्या मजल्यावर आम्ही बाराजणी फोनवरून बीटी कपाशीचं बियाणं विकायचो. साहेबांचे नियम दोन. वऱ्हाडी बोलायचं नाही. शेतकऱ्याला वाटलं पाहिजे, थेट पुण्याहून फोन आलाय. आणि बारा वाजेपर्यंत दोन बुकिंग झाली नाहीत तर खुर्ची उचलून नेणार, पुढचे फोन उभ्यानं. ओळीनं तीन दिवस खुर्ची गेली की नोकरीही गेली. साहेब इतकं शुद्ध बोलायचे की आम्ही त्यांना पुण्याचेच समजायचो आणि डबा खाताना त्यांची नक्कल करायचो. नक्कल माझी सगळ्यांत झकास व्हायची, विक्री सगळ्यांत भिकार.

दोन दिवस माझी खुर्ची गेली होती. तिसऱ्या दिवशी पावणेबाराला एक बुकिंग झालेलं, एक बाकी. साहेब हेडफोन लावून माझंच बोलणं ऐकत बसले. यादीतला पुढचा नंबर मी न बघताच फिरवला आणि म्हटलं, "नमस्कार सर, यंदा कपाशीचा काय विचार केलाय आपण?"

पलीकडे मोताळ्याचा माझा सख्खा मामा. "काऊन वं, तब्येत बरी नाही काय तुही?"

हसू दाबायला मी ओढणीच तोंडात कोंबली. लहानपणी माझं नाक पुसणाऱ्या माणसाला मी सर, सर करत साहेबांनी दिलेला बोलायचा सगळा कागद वाचून दाखवला. मामाही कमी नाही. मला मॅडम म्हणत त्यानं तो शेवटपर्यंत ऐकून घेतला. चार पाकिटं लिही म्हणाला, पण आधी एक सांग.

"तुह्या बाबानं किती घेतले?"

कागदावर सगळ्या प्रश्नांची उत्तरं होती, याचं नव्हतं. एक खोटं बोलले असते तर खुर्ची वाचत होती. पण मामाशी नाही बोलवलं.

"एकबी नाही, मामा. मागच्या साली बोंडअळीनं सारं खाल्लं. बाबा यंदा सोयाबीन पेरते."

मग मीही तेच पेरतो, म्हणून मामानं जेवलीस का विचारलं आणि फोन ठेवला.

साहेब उठून आले. मी डबा पिशवीत भरायला लागले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि खाली वाकून हळूच विचारलं, "कोन्तं बियानं पेरते तुहे बाबा? माह्या बाबाले सांगाचं हाये."

मी वाण सांगितलं. त्यांनी ते माझ्याच कागदाच्या पाठीमागे लिहून घेतलं, घडी करून खिशात ठेवलं, आणि अगदी शुद्ध मराठीत मला म्हणाले, उद्यापासून आपण येऊ नका.