कोरडा ओटा

आमच्या ओट्यावर पाणी साचतं, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं.

त्याआधीही ते साचतच असणार. पण मी ऑफिसला गेलो की परस्पर वाळत असावं. मी पाटबंधारे खात्यात लिपिक होतो. कालव्याचं पाणी कोणाच्या धानाच्या बांधीत पोचलं आणि कोणाच्या नाही, याचे कागद इकडून तिकडे सरकवण्यात जन्म गेला. प्रत्यक्ष पाण्याशी माझा संबंध टेबलावरच्या ग्लासापुरता. अशा माणसाला घरी बसवलं की तो स्वयंपाकघरात शिरतो. (निवृत्तीचं वय वाढवावं असं माझ्या बायकोचं जे मत आहे, त्यामागे देशहित वगैरे काही नाही. हेच कारण आहे.)

फुलचूरला आमचं लहानसं घर आहे. घरात तिघं: मी, बायको वंदना आणि माझी माय. मायचं वय ऐंशीच्या पुढे कुठेतरी. नेमकं तिलाही माहीत नाही. पोरगी पुण्याला नोकरीत. धाकटा भाऊ बोदलकसाला शेती करतो.

तर ओटा. काळा, गुळगुळीत, हौसेनं बसवलेला. आणि त्यावर वंदना रोज घासलेली भांडी एका जुन्या दुपट्ट्यावर पालथी घालायची. दुपट्टा भिजायचा, पाणी खालून सरकत गॅसपर्यंत जायचं, आणि वाळलं की काळ्या दगडावर पांढरे नकाशे उमटायचे.

"वंदना, हे काय आहे?" मी एका सकाळी बोट ठेवून विचारलं.

"ओटा," ती म्हणाली.

"ओट्यावर काय आहे?"

"तुमचं बोट. उचला, मले पोळ्या लाटायच्या आहेत."

मी पोरीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, आता दगडी मॅट मिळते. पाणी पिऊन टाकते." दगड पाणी पितो! मी त्याच दुपारी गोंदियाच्या बाजारात गेलो. दुकानदारानं करड्या रंगाची एक पाटी काढली, आपल्या बाटलीतलं पाणी तिच्यावर ओतलं आणि हात वर केले.

"देखा साहब? गायब!"

खरंच गायब! मी हरखून गेलो. घरी येऊन तोच प्रयोग वंदनाला दाखवला, शेजारच्या बिसेनभाऊंना दाखवला, गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालाही दाखवला. माय कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून पाहत होती.

"हे पानी जाते कोठी?" तिनं विचारलं.

"दगड पेते, माय."

"पेते तं पेते. मंग मुतते कोठी?"

हे मी दुकानदाराला विचारलं नव्हतं.

मॅट चार-आठ दिवस बरी चालली. मग एका दुपारी स्वयंपाकघरातून ठाक ठाक आवाज आला. जाऊन पाहतो तर मायनं मॅटवर लसणाच्या पाकळ्या मांडलेल्या, आणि हातात वरवंटा! मॅटचे सरळ दोन तुकडे.

"माय! हे काऊन केलंस?"

"तूच म्हनलास ना दगड हाये?" ती माझ्यावरच डोळे वटारत म्हणाली. "हे कायचा दगड? लसूनही सोसत नाई. तुले फसवलं कोनं तरी."

वंदना पाठ फिरवून उभी होती. तिचे खांदे हलत होते. ती रडत नव्हती, एवढं मी खात्रीनं सांगतो.

इथे शहाणा माणूस थांबला असता. मी स्टीलचा रॅक आणला. भिंतीवर ठोकायचा, दोन मजली, वर ताटं, खाली वाट्या-पेले, आणि निथळलेलं पाणी थेट सिंकमध्ये. ओट्याला थेंबाचाही स्पर्श नाही!

"ठोकू नका," वंदना म्हणाली.

"काऊन?"

"नका ठोकू म्हणतो ना. आहे ते बरं आहे."

एवढंच बोलली. (आमच्याकडे बायकाही 'म्हणतो'च म्हणतात.) मला वाटलं, बाईमाणूस, नव्या गोष्टीला घाबरते. त्याच आठवड्यात तिच्या भावाच्या घरची वास्तुपूजा निघाली आणि ती अर्जुनीला गेली. जाताना म्हणाली, "आईकडे लक्ष द्या." मी हो म्हणालो, आणि तिची बस वळायच्या आत बिसेनभाऊंना फोन लावला.

बिसेनभाऊंकडे ड्रिल मशीन आहे. ती त्यांना जावयानं दिली, आणि तेव्हापासून ते गल्लीत भिंती शोधत फिरत असतात. "कुठी छेद पाडायचा?" ते मशीन घेऊनच आले. पहिलं भोक झकास पडलं. दुसऱ्यालाही लोण्यासारखी भिंत लागली.

"सॉफ्ट आहे भिंत तुमची," बिसेनभाऊ म्हणाले, आणि त्यांनी ड्रिल बाहेर ओढलं.

भिंतीतून पाण्याची जी धार सुटली ती थेट बिसेनभाऊंच्या चष्म्यावर! आतली पाइपलाइन! त्यांनी घाईघाईनं भोकात अंगठा घातला. पाणी अंगठ्याच्या चारी बाजूंनी कारंज्यासारखं उडू लागलं. आधी ते एका दिशेनं येत होतं, आता ते सगळ्या घराला मिळू लागलं.

"टाकीचा कॉक बंद करा!" ते ओरडले.

मी गच्चीवर धावलो. कॉक घर बांधल्यापासून कोणी फिरवला नव्हता. तो जागचा हलेना. मी जोर लावला, तर त्याची मूठ माझ्या हातात आली. ती मूठ घेऊन मी खाली आलो. (का आणली, ते मला अजून सांगता येत नाही. पुरावा म्हणून असेल.)

"झाला का बंद?" बिसेनभाऊंनी विचारलं.

मी मूठ दाखवली. त्यांनी डोळे मिटून घेतले.

स्वयंपाकघरात घोट्याएवढं पाणी झालं होतं. माय दिवाणावर पाय वर घेऊन बसली होती आणि दारातून सगळं पाहत होती.

"आता याले कोनता दगड पेल?" तिनं शांतपणे विचारलं. आणि मग एकदम ओरडली, "अरे, तांदराचं पोतं! भिताड सोड, बिसेन, तांदूर उचल!"

भावानं बोदलकसाहून नुकतंच पाठवलेलं वर्षाचं पोतं कोपऱ्यात उभं होतं. बिसेनभाऊंनी अंगठा काढला, आम्ही दोघांनी पोतं उचललं आणि मायच्या शेजारी दिवाणावर ठेवलं. बुडाचे तांदूळ भिजलेच. टाकी रिकामी होईपर्यंत आम्ही तिघं आणि पोतं, ओळीनं दिवाणावर बसून राहिलो. बिसेनभाऊ अधूनमधून "पुरानी फिटिंग है" असं पुटपुटत होते. माय ओले तांदूळ बोटांनी चाचपत होती. "याचं पीठ काढू," म्हणाली. "वाया नाई जात."

दुसऱ्या दिवशी प्लंबर आला, टाइल्स फोडल्या, पाइप जोडला आणि जाता जाता रॅकही नीट जागी बसवून गेला. आणि मग, काय सांगू! भांडी रॅकवर निथळत होती आणि ओटा आरशासारखा चमकत होता. मी त्यात वाकून माझा चेहरा पाहिला. फोटो काढून पोरीला पाठवला.

इथे एक गोष्ट सांगायची राहिली, कारण तेव्हा ती सांगण्यासारखी आहे हेच मला कळलं नव्हतं. रोज दुपारी माय त्या स्टुलावर बसून भांडी पुसायची. मांडीवर कोरडं फडकं, आणि दुपट्ट्यावरचं एकेक भांडं उचलून, फिरवून, पुसून बाजूला ठेवायची. आमच्या बऱ्याच भांड्यांवर देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. मायला वाचता येत नाही, पण अंगठा फिरवला की तिला कळायचं. "हे थाळी माह्या मावशीची. तुह्या लग्नात देल्ली. हे गडवं तुह्या बाबाच्या मामाचं, भलता कंजूस, पन गडवं जाड देल्लं." (गडवं म्हणजे तांब्या.) तास-दीड तास चालायचं. मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत असायचो आणि मला ती कुरकुर वाटायची.

रॅक आल्यावर भांडी आपोआप वाळू लागली. माय दुपारी एकदा स्टुलावर येऊन बसली, रॅककडे वर पाहिलं. तिचा हात खालच्या मजल्यालाही पुरत नव्हता. थोडा वेळ बसली आणि उठून गेली. मी तेव्हा ओटा पुसत होतो. कोरडाच होता, तरी पुसत होतो.

वंदना परत आली. मी तिला दारातच गाठून स्वयंपाकघरात नेलं आणि दुकानदारासारखे हात वर केले. तिनं रॅक पाहिला. नव्या, रंग न जुळणाऱ्या टाइल्स पाहिल्या. मग कोपऱ्यातल्या रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं.

"आई कुठे आहेत?"

माय आत होती. दिवाणावर तिची कापडी पिशवी भरून तयार होती. वर दोरी बांधलेली.

"बाबू, मले बोदलकसाले सोडून दे," ती म्हणाली.

"काऊन माय? काय झालं?"

"काई नाई झालं. इथं काय काम हाये माहं? तुह्या घरी भांडे आपल्या आपन वारतात."

मी काही बोलायच्या आत वंदनानं मला ओढून बाहेर नेलं. आवाज हळू होता, पण धार होती.

"तुमाले काय वाटलं, रॅक काय असते ते मले ठाऊक नव्हतं? आईचे हात थरथरतात म्हणून सुरी मी काढून घेतली. गॅसजवळ जाऊ नका असं तुमीच सांगितलं. झाडू मारता येत नाही, कंबर धरते. एवढी भांडी राहिली होती त्यांच्या हाती. मी मुद्दाम ओली ठेवत होतो. आणि तुमी भिंत फोडून तेही काढून घेतलं."

"मग तू मला सांगितलं का नाही?"

"नका ठोकू म्हटलं होतं ना? आईच्या समोर कसं सांगू, की हे काम तुमच्यासाठी शिल्लक ठेवलं आहे म्हणून?"

मी त्या चकचकीत ओट्याकडे पाहिलं. त्यात माझा चेहरा अजून दिसत होता. पाहवला नाही.

"आता काय करू?"

"ते तुमीच पाहा. तुमचा ओटा आहे."

मी मायकडे गेलो. "माय, रॅक हलून राहिला. पडंल कोणाच्या डोक्यावर. मी काढूनच टाकतो."

"खोटं नको बोलू," ती म्हणाली. "लोखंड हाये थे, हलत नाई. मी म्हातारी झालो, येडी नाई झालो."

सकाळच्या बसनं तिरोड्याला जायचं आणि पुढे भाऊ न्यायला येईल, असं ठरलं. भावाशी ती स्वतःच फोनवर बोलली. मला रात्रभर नीट झोप नाही. एका रॅकपायी माय घर सोडून चालली, हे लोकांना सांगायचं कसं? आणि लोकांचं सोडा, दुपारी पेपर वाचताना शेजारच्या खोलीत कोणीच बोलत नसेल, ते कसं?

सकाळी वंदनानं जाहीर केलं, "माझा हात दुखतो. प्रवासाचा शीण आहे. भांडी तुमी घासा."

तिनं हे ठरवून केलं की खरंच हात दुखत होता, मला माहीत नाही. मी बाह्या सरसावून सिंकपाशी उभा राहिलो. भांडी मी याआधी कधी घासली नव्हती. साबण भरपूर घेतला, पाणी भरपूर सोडलं, आणि रॅककडे न पाहता सगळी भांडी ओट्यावर पालथी घातली. ओट्यावर तळं झालं. माझा शर्ट भिजला. गॅसही भिजला.

माय पिशवी घेऊन बाहेर पडायला निघाली होती. स्वयंपाकघराच्या दारात थबकली. आत आली. एक वाटी उचलली, अंगठा फिरवला.

"हे घासलं?"

"हो."

"तेल तं तसंच हाये!"

तिनं दुसरी उचलली. तिसरी. गडवं उचलून नाकाशी नेलं. "अरे, याच्यात काल्चं वरन हाये! नोकरीत असंच काम करत होतास का रे?"

पिशवी खाली टेकली. स्टूल ओढलं. "घास पुन्हा. राख असती तं बरं झालं असतं. जोर लाव. असा नाई, गोल फिरव हात. अन् हे पानी कितीक? थोडं सोड नळ. वंदना, फडकं दे मले."

वंदनानं फडकं दिलंच, वर मायचं एक जुनं सुती लुगडं चौपदरी घडी करून ओट्यावर अंथरलं. ते सगळं पाणी टिपून घेत होतं. मी घासत होतो, माय एकेक भांडं तपासून अर्धी परत माझ्याकडे फेकत होती, आणि उरलेली पुसत होती. मावशीची थाळी आली तशी मावशीची गोष्टही आली. बस निघून गेली. कोणी घड्याळाकडे पाहिलं नाही.

दुपारी भावाचा फोन आला, तिरोड्याच्या स्टँडवरून. माय मोठ्यानं बोलत होती. "नाई येत रे आता. याले भांडे घासनं शिकवून राहिलो. दिवस लागतील. डोकं बारीक हाये याचं."

तेव्हापासून भांडी मी घासतो. माय तपासते. रोज एखादी वाटी तेलकट निघतेच, आणि मायचा दिवस कसा तजेलदार होतो!

परवा वंदना मला बाजूला घेऊन म्हणाली, "मले कळतं हो. तुमी आईसाठी रोज एक वाटी मुद्दाम तेलकट सोडता." आणि इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच माझ्याकडे तिनं आदरानं पाहिलं.

मी नम्रपणे मान खाली घातली. (मुद्दाम कसली! मी जीव तोडून घासतो!)